दार बायकांनी वाजवायचं

१० ऑक्टोबर १९९२, शनिवार

आज मी मीटिंगमध्ये बोलले! टायपिस्टने बोलायचं नसतं. टायपिस्टने लिहून घ्यायचं, आणि मेजर अरबीत बोलले की साहेबांना इंग्रजीत सांगायचं. काम एवढंच. पण तोंडातून निघून गेलं.

झालं असं. सरकारने आमच्या ऑफिसला एक मोठं काम दिलंय — पुढच्या पंधरा वर्षांत बहरीनचं अग्निशमन दल कसं असावं, त्याचा आराखडा. केंद्रं कुठे, गाड्या किती, माणसं किती, थेट २००७ सालापर्यंत. विटलॉक साहेब प्रमुख. इंग्लंडातल्या एका कौंटीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं आगी विझवण्यात घालवली, शेवटी तिथलंच नियोजन सांभाळलं. आता इथे अदलिया भागातल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात नकाशे पसरून बसलेले असतात. आज अग्निशमन खात्याकडून मेजर जासिम आले होते. कपाळाला हात लावून म्हणाले, 'सगळ्यात जास्त माणसं स्वयंपाकघरात भाजतात. म्हणून मी माझी माणसं घरोघर पाठवली. गॅस बघा, नळी बघा, लोकांना समजवा. दारंच उघडत नाहीत! दिवसा पुरुष कामावर. घरात बायका. परक्या पुरुषाला आत कोण घेईल?'

हे मी इंग्रजीत सांगितलं. आणि न थांबता पुढे माझं जोडलं — 'बाई गेली तर उघडतील.'

साहेबांना वाटलं, हेही मेजरच म्हणाले. 'उत्तम मुद्दा, मेजर!' मेजर माझ्याकडे बघतायत, मी टेबलाकडे. शेवटी मेजरच हसले, मोडक्या इंग्रजीत म्हणाले, 'मी नाही म्हणालो. ती म्हणाली.'

साहेबांनी चष्मा काढला. 'मिसेस नुसरत, परत सांगा.'

परत सांगितलं! टेबलाकडे बघतच. पण सांगितलं.

घरी येऊन कुणाला सांगू? नवऱ्याला सांगावं तर उबेद बातम्या बघत होता, 'हां हां' म्हणाला. मुस्कान म्हणाली, 'ओके मम्मी.' म्हणून ही वही काढली. कोकणातल्या, म्हसळ्याच्या शाळेतली मराठी अजून हाताला आहे बरं का!

१२ ऑक्टोबर, सोमवार

'चहापान पथक!' — माझ्या कल्पनेचं सानेंनी केलेलं बारसं.

हेमचंद्र साने आमचे इंजिनिअर, पुण्याचे. कंपास घेऊन नकाशावर वर्तुळं काढत असतात. केंद्रातून निघालेली गाडी थोड्या मिनिटांत जिथवर पोचेल तिथवर एक वर्तुळ. जिथे वर्तुळ पोचत नाही तिथे नवं केंद्र. सगळा देश वर्तुळांखाली झाकला की आराखडा तयार. 'आग लागली की गाडी लागते, मॅडम. बायका जाऊन काय करणार? चहा पिणार, कापडाचा भाव विचारणार.'

मी म्हटलं, 'चहा पिता पिता गॅसची नळी पण बघता येते.'

हसले. मनाने वाईट नाहीत. डबा उघडला की पहिली चकली मला. पण 'चहापान पथक' आता सगळ्या ऑफिसात झालंय. प्यून गनीसुद्धा मला चहा देताना हसतो.

साहेबांनी मात्र दोन पानं मागितलीत. माझी, माझ्या शब्दांत. शनिवारपर्यंत!

१७ ऑक्टोबर, शनिवार

इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप केली. स्वतःचं पहिलं वाक्य टाइप करताना बोटंच अडली. कोण म्हणतंय हे? मी म्हणतेय? कशाच्या जोरावर?

दिली दोन पानं. साहेबांनी लाल पेनने निम्मं कापलं. मला वाटलं, संपलं. तर म्हणतात, 'उरलेलं निम्मं उत्तम आहे.' मग खुर्ची ओढून घेतली आणि आपल्या कौंटीची हकीकत सांगितली. तिथे म्हणे वर्षानुवर्षं नवीन गाड्या घेतल्या, चांगल्यातल्या चांगल्या. गाडी लवकर पोचायला लागली. पण स्वयंपाकघरात मरणारी माणसं तेवढीच राहिली! 'आम्ही पोचायचो तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. एक म्हातारी मला अजून दिसते. तिच्या दारात मी अगदी वेळेवर पोचलो होतो.' एवढं बोलून लाल पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, 'लिहा. पूर्ण प्रकरण लिहा.'

प्रकरण! आराखड्यात माझं प्रकरण!

२९ ऑक्टोबर, गुरुवार

मुस्कानला सहज विचारलं, कढईतलं तेल पेटलं तर काय करशील? 'थ्रो वॉटर, ऑफ कोर्स.' — या अल्लाह! माझ्याच घरात!

६ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणानंतर उबेदशी बोलले. सगळं सांगितलं — नुसतं लिहायचं नाही, जायचंही आहे. सलमाबादच्या गोदामात दिवसभर स्पेअर पार्टचे खोके मोजणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी त्याला शांतता हवी असते. ती आज नव्हती.

'तू लोकांच्या घरात शिरायचं? कोन बोलला?'

'मीच बोलले.'

'आनि आत चार बाप्ये बसलेले निघाले तर? मना सांग, मग काय करशील?'

'एकटी बाई जाणारच नाही. दोघी जाणार, खात्याचं ओळखपत्र गळ्यात. पुरुष असले तर बाहेरूनच परत. ते पण लिहिलंय.'

'लोक काय बोलतील?'

'कुठले लोक?'

जरा विचार केला. 'म्हसळ्याचे.'

'म्हसळा समुद्रापलीकडे आहे!'

हसायचं नव्हतं त्याला, तरी हसला. मग बराच वेळ बडीशेप चघळत बसला. शेवटी म्हणाला, 'आमच्या गोदामात पन एकदा ये. थिनरच्या डब्यांजवळ सिगरेटी वढतात लोकं. माझा ऐकत नाय कोन.'

म्हणजे हो म्हणाला! त्याचं 'हो' नेहमी असंच मागच्या दाराने येतं.

५ डिसेंबर, शनिवार

मेजरनी जोडीदारीण पाठवली. मुनीरा. इथलीच, मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते, खात्याने सहा महिन्यांसाठी मागून घेतलीय. मला वाटलं होतं कुणीतरी हळुवार बाई येईल. ही गाडी फूटपाथला घासून थांबवते, उतरायच्या आधीच बोलायला लागते! 'तू नुसरत? तुझी पानं वाचली. तू फार नम्र लिहितेस. यल्ला, चल, मला पण लिहू दे.' दिवसभर दोघी लिहीत बसलो. मी एक वाक्य, तिचं एक वाक्य. माझं 'विनंती आहे की' तिने सगळीकडून काढून टाकलं.

१४ डिसेंबर, सोमवार

आज मी आग विझवली!! खरी!

केंद्राच्या मैदानात मेजरनी लोखंडी कढईत तेल पेटवून दिलं. आधी एका जवानाने लांब दांडीच्या डब्यातून त्यात थोडं पाणी टाकून दाखवलं. भप्पकन आगीचा एवढा लोट उठला की मी चार पावलं मागे. हे माझी मुस्कान करणार होती! हे मी स्वतःही केलं असतं, खोटं कशाला बोलू?

मग आमची पाळी. गॅस बंद. ओला पिळलेला टॉवेल दोन्ही हातांनी समोर धरायचा, हात टॉवेलच्या आड. पलीकडची नाही, आधी आपल्या बाजूची कड टेकवायची आणि मग पुढे सोडायचा. आणि नंतर उचलून बघायचं नाही! मुनीराने उचलून बघितलं. परत पेटलं. जवान हसायला लागले, तर तिने त्यांना असं झापलं की दोघं बूट पुसायला निघून गेले.

मी झाकला आणि हात मागे घेतला. धूर आला, मग काही नाही. नुसता टॉवेल. एवढंच असतं? एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं मरतात?

भुवयांचे केस थोडे जळले. उबेद म्हणतो, 'आता फायरमन दिसतेस.'

१७ जानेवारी १९९३, रविवार

आमचं प्रकरण काढून टाकलं.

सरकारच्या समितीने मसुदा वाचला. केंद्रं ठेवली, गाड्या ठेवल्या, सानेंची वर्तुळं सगळी ठेवली. गृहभेटींच्या प्रकरणावर एका सभासदाने शेरा मारला म्हणे — 'हे समाजकार्य आहे, अग्निशमन नाही.' ते शेऱ्याचं पान टाइप करायला माझ्याकडेच आलं. केलं टाइप. एक चूक न करता केलं.

सानेंनी आज 'चहापान' म्हटलं नाही. चकली पुढे केली. मी घेतली नाही.

२० जानेवारी, बुधवार

मुनीरा ऑफिसात आली तीच आरडाओरड करत. 'काढलं तर काढलं! करून दाखवू. मग बघू कसं काढतात.' साहेब म्हणाले, 'ती बरोबर बोलतेय. कागदावर हरलेली गोष्ट रस्त्यावर जिंकता येते कधीकधी.' मेजरना फोन लावला. मी दोघांच्या मध्ये दुभाषी — स्वतःच्याच नशिबाची दुभाषी! मेजरनी कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, 'एक रमजान. एक मोहल्ला. माहूज. पुढचं इंशाल्ला.'

रमजानच का, तर इफ्तारच्या आधीच्या तासात घरोघरी कढया चढतात, सगळी घाईत, सगळ्यांच्या पोटात भूक, आणि खात्याचे फोनही तेव्हाच जास्त वाजतात. माहूज का, तर आम्ही तिथे राहतो. आमच्या इमारतीमागची जुनी गल्ली. हसनी भाजीवाल्यापासून मशिदीपर्यंत सगळे मला तोंडओळखीने तरी ओळखतात.

परीक्षा घ्यायची तर घ्या!

२७ फेब्रुवारी, शनिवार

गृहभेटींचा पहिला दिवस. पहिलं दार — उघडलंच नाही. दुसरं — 'आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.' तिसऱ्या दारात एका मुलाने आम्हाला बघितलं आणि ओरडत आत गेला, 'वीजवाल्या आल्या!' चौथं बंद. पाचवं बंद. माझा घसा कोरडा. रोजा, पाणी पण नाही. मुनीरासुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा!

सहाव्या दारात एक जाडजूड बाई, हाताला पीठ. मुनीराने अरबीत सुरू केलं, ओळखपत्र दाखवलं, खात्याचं नाव घेतलं. बाईच्या कपाळावर आठ्या. मला आतून वास आला. मी मध्येच म्हणाले, 'खाला, तुमचे कांदे करपतायत.'

'हाय हाय!' म्हणून ती आत पळाली, दार तसंच सताड उघडं. आम्ही तिच्या मागोमाग! कांदे वाचवले. मग गॅसची नळी बघितली. चिरा पडलेल्या, हात लावला तर भुगा निघाला. मुनीराने पिशवीतली नवी नळी तिथेच बसवून दिली. बाई बघत राहिली. मग खिडकीतून शेजारणीला हाक मारली, 'ए, इकडे ये! सरकारने बायका पाठवल्यात!'

त्यानंतर संध्याकाळपर्यंत दारं आम्ही वाजवली नाहीत. ती आमच्याआधी उघडत गेली!!

२ मार्च, मंगळवार

आज माझ्या जिभेवर तीन भाषा. बहरीनी घरात अरबी, केरळच्या नर्सबाईंकडे मोडकं हिंदी, आणि वरच्या मजल्यावरच्या महमुदाभाभींकडे — श्रीवर्धनच्या त्या — आपली गावची बोली. महमुदाभाभी म्हणाल्या, 'आगीवाल्या बाया! अगो, आधी का नाय आल्याव?'

आगीवाल्या बाया. 'चहापान पथका'पेक्षा किती बरं!

८ मार्च, सोमवार

आज उम्म यूसुफकडे, म्हणजे यूसुफच्या आईकडे. चार मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. घर लख्ख. नळी नवी. मी खूश झाले, निघणारच होतो. तेवढ्यात मुनीराने मागच्या खोलीची खिडकी बघितली. सासू तिथेच झोपते. खिडकीला चोरांच्या भीतीने लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. 'याची चावी?'

'असेल कुठेतरी.'

'कुठेतरी म्हणजे?'

सगळं घर उलटंपालटं केलं. शिवणाच्या डब्यात निघाली! मुनीराने ती खिडकीशेजारी खिळा ठोकून टांगली, मुलांच्या हाताला येईल अशी. मोठ्या मुलीला दहा वेळा उघडायला लावलं. आग लागली तर चुलीकडून जायचं नाही, आजीला चादरीवर घेऊन या खिडकीतून ओढायचं. मुलीला खेळच वाटला. धाकट्यांना आजी व्हायला लावून दोन-तीनदा ओढत नेलं. म्हातारीला एवढं हसू आलं की तिची कवळीच निघाली!

उम्म यूसुफला आमचं थोडं अतीच वाटलं. 'अल्लाह राखणारा आहे,' म्हणाली. मुनीरा म्हणाली, 'आहेच. म्हणूनच त्याने आम्हाला पाठवलं.'

१४ मार्च, रविवार

लिहिता येत नाहीये, पण आजच लिहायचं.

दुपारी असरच्या नमाजानंतर आम्ही दोघी पुढच्या गल्लीत होतो. धूर दिसला. मुनीरा म्हणाली, 'आपल्या गल्लीतून येतोय!' धावलो. उम्म यूसुफचं घर! स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळे लोट.  पहिला विचार मुलांचा आला, आणि लगेच दुसरा — संपलं, सगळं संपलं, आता म्हणतील बायका येऊन गेल्या आणि घर जळलं. असा विचार आला मला. आला तो आला.

मागच्या बाजूला वळलो तर —

जाळी सताड उघडी. रस्त्यावर चादर, चादरीवर सासू, भोवती चार मुलं, मोठी मुलगी धाकट्याचा हात घट्ट धरून. उम्म यूसुफ खिडकीतून उतरत होती, तिला मुनीराने वरच्या वर झेललं. मी ओरडले, 'आत कोण आहे?' उम्म यूसुफने ओरडून सांगितलं, 'कुणी नाही! सगळे बाहेर! सगळे!'

म्हातारी चादरीवरून विचारतेय, 'समोशांचं काय झालं?'

गाडी आली. जवानांनी विझवलं. स्वयंपाकघर गेलं. भिंती काळ्या, छत खाली आलेलं. मग कळलं. नणंद मुहर्रकहून इफ्तारला आली होती. तिने कढई चढवली, तेल पेटलं, उम्म यूसुफ 'पाणी नको' म्हणेपर्यंत तिने तांब्या ओतलाच. तिच्याकडे मुहर्रकला आमच्यासारखं कुणी गेलंच नव्हतं ना! तिच्या हाताला भाजलं, डॉक्टर म्हणाले बरं होईल.

मुख्य जवान मला म्हणाला, 'मागची खोली धुराने भरली होती. चावी शोधत बसले असते तर...' आणि वळून पाइप गुंडाळायला लागला.

रोजा सोडायच्या अजानला उम्म यूसुफने रस्त्यातच शेजारणीच्या ताटातला खजूर माझ्या तोंडात घातला.   आम्ही दोघी रडलो. मग मुनीरा रडली आणि मग आम्हाला हसूच आलं, ती अगदी लहान मुलासारखी हमसून रडते!

१५ मार्च, सोमवार

साने सकाळीच माहूजला जाऊन आले. एकटेच. ऑफिसात आले ते बूट काळे करून. नकाशासमोर उभे राहिले. मग मला बोलावलं.

'गाडी बरोब्बर वेळेत पोचली काल. माझ्या वर्तुळाच्या आत आहे ते घर. अगदी मध्ये.'

'हो.'

'तरी ती माणसं गाडीमुळे नाही वाचली.'

मी म्हटलं, 'पण गाडी नसती तर शेजारची दोन घरं गेली असती. तुमचं केंद्र हवंच, साने साहेब. मी कधी नको म्हटलं?'

बराच वेळ कंपास उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, 'तुमचं प्रकरण आणा. प्रकरण तुमचंच राहील, आकडे माझ्या केंद्रांत गुंफू. आकडे सुटे ठेवले तर परत कापतील. प्रत्येक केंद्रात दोन बायका, केंद्राच्याच माणसांत धरलेल्या. मग बघू कसं काढतात!'

केंद्र तिथे बायका! हे मला का नाही सुचलं? दिवसभर दोघं बसलो. आकडे त्यांचे, दारं माझी. संध्याकाळी आणखी एक चांगली बातमी. मशिदीत पुरुषांनीच मेजरना गाठलं म्हणे — 'आमच्या गल्लीत कधी येणार त्या?'

२५ मार्च, गुरुवार

ईद. साहेब आणि साने घरी आले, सांदण वाढलं. साहेबांनी इडली समजून लोणचं मागितलं! सानेंनी त्यांना समजावलं, 'सर, हे गोड आहे, नारळाच्या दुधाबरोबर खायचं, हे कोकणचं आहे' — जणू त्यांच्या आईनेच केलेलं. चार खाल्ली. सानेंनी सहा!

१८ एप्रिल, रविवार

समिती. गुळगुळीत लांब टेबल, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले सभासद, थंडगार एसी. साहेबांनी आराखडा मांडला. केंद्रं झाली, गाड्या झाल्या, साने झाले. मग साहेब म्हणाले, 'पुढचं प्रकरण ज्यांनी लिहिलं त्याच बोलतील,' आणि खाली बसले. मला सांगितलं नव्हतं! मुनीराला सांगितलं होतं. ती टेबलाखालून चिमटे काढतेय, ऊठ!

उठले. आज दुभाषी नाही, आज माझं मी. अरबीतच बोलले. करपलेल्या कांद्यांपासून सुरुवात केली. टेबलाशी कुणीतरी हसलं, आणि मग भीतीच गेली. जाळीची चावी सांगितली, नणंदेचा तांब्या सांगितला. मुहर्रक आपल्या मोहल्ल्यात नव्हतं म्हणून स्वयंपाकघर गेलं, हे सांगितलं. 'एक मोहल्ला शिकवून भागत नाही. पाहुणे सगळीकडून येतात.'

ज्यांनी शेरा मारला होता ते सभासद. टोकाला बसलेले, दाढीवाले. विचारलं, 'उख्ती, बहिणी, तुम्ही परदेशी. ही योजना पंधरा वर्षांची. तुम्ही इथे किती वर्षं असणार?'

 मी म्हटलं, 'माझं माहीत नाही. पण जिने आजीला चादरीवरून बाहेर काढलं ती मुलगी अकरा वर्षांची आहे. पंधरा वर्षांनी तिच्याच घरात कढई असेल. ती इथलीच आहे.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, 'माझ्याही घरात जाळीला कुलूप आहे. चावी कुठे आहे, मला माहीत नाही.' आणि मेजरकडे वळून, 'आमच्या रिफा भागात कधी पाठवताय यांना?'

मंजूर!!! पूर्ण! एक ओळ न कापता!

बाहेर आल्यावर मेजरनी आम्हाला सलाम ठोकला. खराखुरा, टाच आपटून. मुनीराने उलटा ठोकला. साहेब गाडीत बसल्यावर बराच वेळ रुमाल काढून नाक शिंकरत होते. एसीची सर्दी म्हणाले. साने गाडीतच गायला लागले, बेसूर, काय गायले देव जाणे.

१९ एप्रिल, सोमवार

मुस्कान आज शाळेतून आल्या आल्या म्हणाली, 'मम्मी, आय टोल्ड माय क्लास.' आणि मग, अडखळत, स्वतःहून — 'पानी नाय टाकायचं. झाकायचं.' मराठीत!!

२२ मे, शनिवार

आराखडा छापून आला. निळं कव्हर, जाड कागद. सातवं प्रकरण — 'घरापर्यंत'. खाली आमची नावं, मुनीराचं आणि माझं. माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय! साने म्हणाले दुरुस्तीची चिठ्ठी लावू. मी म्हटलं, राहू द्या. म्हसळ्याच्या शाळेतही बाई चुकीचंच लिहायच्या.

आणि दुसरं. मेजरनी बोलावून घेतलं. मुनीरा पथकाची प्रमुख. शंभरदा योग्य! आणि केंद्राकेंद्रांतल्या बायकांना शिकवायला मी. खात्यात. दोन वर्षांचा करार, व्हिसा माझ्या स्वतःच्या नावावर. आजवर नवऱ्याच्या व्हिसावर राहिले या देशात, त्याच्या नावाच्या खालच्या ओळीत.

उबेदला सांगितलं. जेवता जेवता थांबला. 'वर्दी पन देतील?'

'हो. निळी.'

'मग फोटो काढू. म्हसळ्याला पाठवू. बघू दे लोकांना.'

११ जून, शुक्रवार

उबेदला विमानतळावर सोडून आले. त्याची कंपनी दुबईला गेली, सलमाबादचं गोदाम बंद, जुन्या माणसांच्या हातात गावची तिकिटं. त्याचा व्हिसा खलास. माझा चालू. मुस्कान माझ्यापाशी राहील, मेजरनी तिचे कागद माझ्याबरोबर करून दिले. आत जाताना उबेद वळला — 'बाप्या गावात नि बाय परदेशात! आपल्या मोहल्ल्यात पयलाच घर!' हसला आणि रांगेत शिरला. आमच्याकडे परदेशी निघालेल्या नवऱ्याला निरोप देऊन बाई गावच्या घरी परतते. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, माहूज.